फिलिपिनो माणूस परदेशात राहून घर चालवतो ते कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुबईत एकाच फ्लॅटमध्ये राहणारे फिलिपिनो सहकारी पगार झाला की दोन दिवसांत त्यातला मोठा हिस्सा घरी धाडतात, पलंगाशेजारी एक भलामोठा खोका महिनोन्महिने भरत असतो आणि रात्री त्यांचे व्हिडिओ कॉल चालू असतात. दहा-पंधरा वर्षं हे निभतं कसं, आणि बिनसतं कुठे?

चाकरमान्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला यातलं अर्धं सांगायला नको. मुंबईला गिरणीत एक जण, गावी मनीऑर्डरवर सात तोंडं, गणपतीला पिशव्या भरून येणं आणि आल्या आल्या वाडीभर 'काय आणलंस?' ऐकणं. फिलिपिन्समध्ये हेच चालतं, फक्त तिथे १९७४ च्या कामगार संहितेपासून सरकारनेच परदेशी नोकऱ्या हे धोरण म्हणून उचलून धरलं. २०२३ च्या तिथल्या सरकारी पाहणीत परदेशी कामावर असलेले सुमारे २१.६ लाख लोक निघाले, त्यांत निम्म्याहून जास्त बायका. कायमचे स्थायिक झालेले यात धरलेले नाहीत. २०२४ मध्ये हे कामगार आणि ते स्थायिक अशा सगळ्यांनी मिळून बँकांमार्फत ३,४४९ कोटी डॉलर घरी पाठवले. देशाच्या एकूण उत्पादनाच्या (जीडीपीच्या) साधारण साडेसात टक्के. पैसा कुठल्या देशातून आला त्या यादीत अमेरिका पहिली दिसते, पण परदेशातल्या बऱ्याच एक्स्चेंज कंपन्यांचे पैसे अमेरिकी बँकांतून फिरून जातात आणि तिथलेच म्हणून मोजले जातात. तेव्हा आखाताचा वाटा त्या यादीवरून ठरवू नये.

नात्यात ताण आला की लोक अंतराला दोष देतात. माझ्या मते दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडे असतं: घरी पैसा कुणाच्या हातात पडतो आणि त्याचा हिशोब कुणाला दिसतो, हे जाण्याआधी कुणी ठरवलेलं नसतं.

पैशापासून सुरू करू. पाठवलेल्या पैशाला किंवा वस्तूला फिलिपिनो 'पादाला' म्हणतात. जहाजावरच्या खलाशाला यात निवड नसते: त्याच्या प्रमाण करारातच मूळ पगाराचा किमान ८० टक्के भाग दरमहा घरच्या नेमलेल्या माणसाकडे गेला पाहिजे अशी अट आहे. जमिनीवर काम करणाऱ्याला अशी सक्ती नाही, तरी सवय तीच. फिलिपिन्समध्ये पगार महिन्यातून दोनदा, १५ आणि ३० तारखेला होतात, त्यामुळे घरची उधारीही त्याच तारखांना बांधलेली असते. दुबईचा पगार महिन्याला एकदा. पहिल्या वर्षीची बरीच भांडणं या एका फरकातून उगवतात. उपाय सोपा आहे. महिन्याचे पैसे एकदम न पाठवता दोन हप्ते करावेत. मात्र प्रत्येक वेळी ठरलेली फी पडत असेल तर एकदाच पाठवून अर्धी रक्कम दुसऱ्या खात्यात वळवावी.

पाठवण्याचा खर्च फीपुरता नसतो. फी शून्य असं लिहिलेलं असतं तिथे विनिमयदरात कापलेलं असतं. त्यामुळे दोन ठिकाणांची तुलना एकाच प्रश्नाने करावी: हजार दिरहम दिले तर तिकडे हातात किती पेसो पडतील? बँक खातं, जीकॅशसारखं मोबाइल पाकीट आणि गहाणवटीच्या दुकानातून रोख उचलणं, हे तीन नेहमीचे मार्ग. (अशी दुकानं तिथे गावोगाव आहेत आणि पैसे पोचवण्याचं मोठं काम तीच करतात.) म्हाताऱ्या आईबापांना अजूनही रोखच बरी वाटते.

रोख उचलताना हमखास अडतं ते नावावर, आणि इथे मराठी माणूस सहज चुकतो. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. फिलिपिनो मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. मारिया सांतोस रेयेस यात सांतोस आईकडचं, रेयेस वडिलांचं. तिने क्रूझ आडनावाच्या माणसाशी लग्न केलं की ती मारिया रेयेस क्रूझ होऊ शकते; म्हणजे तिचं आडनाव सरकून मधे येतं. आडनाव बदलणं कायद्याने सक्तीचं नाही, म्हणून एका बाईच्या ओळखपत्रावर एक आणि बँकेत दुसरं असं चालत राहतं. त्यात मारियाचं कुणी 'मा.' असं आखूड लिहितं, कुणी पूर्ण. 'ज्युनियर' कुठे असतो, कुठे गळतो. खिडकीवरचा माणूस संदर्भ क्रमांक बरोबर असूनही पैसे देत नाही आणि दुरुस्ती होईपर्यंत घरी दोन दिवस चूल अडते. पैसे घेणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो मागवून अक्षर न् अक्षर तसंच लिहावं. एवढंच.

आता कर्ज. परदेशी जाण्यासाठी एजन्सीने घ्यायची फी कायद्याने एका महिन्याच्या पगारापुरती, आणि घरकामगार व खलाशी यांच्याकडून तर काहीच घ्यायची नाही. प्रत्यक्षात प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, राहण्याची सोय अशा नावांनी पैसे काढले जातात आणि ते उसने येतात. गावात उसने देणारा बहुधा '५-६' वाला: पाच घ्या, सहा द्या. त्याला लोक 'बुम्बाय' म्हणतात, म्हणजे आपल्या बॉम्बेवाला! तो असतो बहुतेक पंजाबी, कधी सिंधी. पण मुंबईच्या नावाने तिथे मोटारसायकलवरून रोज वसुली होते हे आपल्याला माहीत असायला हरकत नाही. मुद्दा असा की पहिले काही महिने पगाराचा मोठा लचका या फेडीत जातो, आणि घरच्यांना वाटतं की माणूस विमानात बसला म्हणजे पैसा सुरू झाला. निघण्याआधी कागदावर लिहावं: कर्ज किती, कोणत्या महिन्यापर्यंत फिटेल, तोवर घरी किती येईल. हा कागद बायको किंवा नवऱ्यासोबत आईलाही वाचून दाखवावा, कारण मागणी आईकडून, भावंडांकडून येते. 'उतांग ना लोऑब' म्हणजे मनातलं ऋण. ज्याने शाळेची फी भरली, ज्याने तिकिटाला हातभार लावला, त्याच्या मुलाच्या आजारपणाला नाही म्हणता येत नाही. ते म्हणूही नये, पण त्यासाठी वेगळी ठरावीक रक्कम बाजूला असावी. ती संपली की पुढच्या महिन्यात बघू, असं सांगता येतं.

खात्यांबद्दल एक बारीक गोष्ट. तिथे संयुक्त खातं दोन प्रकारचं मिळतं: 'आणि' वालं, ज्यात पैसे काढायला दोघांच्या सह्या लागतात, आणि 'किंवा' वालं, ज्यात कुणीही एक जण काढू शकतो. परदेशात बसलेल्याला पहिलं गैरसोयीचं, दुसरं धोक्याचं. म्हणून जाणकार लोक घरखर्चाचं खातं घरच्याच्या नावे ठेवतात आणि बचतीचं फक्त स्वतःच्या नावे, इंटरनेट बँकिंगसह, देश सोडण्याआधी उघडून. बचतीसाठी पाग-इबिग या सरकारी गृहनिधीची एमपी-२ योजना लोकप्रिय आहे: किमान ५०० पेसो, पाच वर्षांची मुदत, लाभांश करमुक्त, २०२४ चा लाभांश ७.१० टक्के होता. पाच वर्षं सहज हात लावता येत नाही हाच तिचा मोठा गुण, नातेवाइकांना सांगायला कारण मिळतं.

खोक्याकडे येऊ. त्याचं नाव बालिकबायान बॉक्स. 'बालिक' म्हणजे परतणं, 'बायान' म्हणजे गाव किंवा देश. माणूस परतत नाही तोवर त्याच्या जागी खोका परततो. हिशेबी लोक नेहमी विचारतात की साबण आणि बिस्किटं मनिलातही मिळतात, मग जवळजवळ सात हजार किलोमीटर कशाला पाठवायची? मिळतात, बरेचदा स्वस्तही. पण पैसा घरात शिरला की वीजबिलात विरघळतो. खोका उघडतो तेव्हा सगळं घर भोवती बसतं आणि प्रत्येक वस्तूवर एकेकाचं नाव असतं: धाकट्याचे बूट, आत्येचं लोशन, शेजारणीची कॉफी. हा खर्च कमी करण्याचा सल्ला मी कधी देणार नाही. पाठवायचाच तर नीट पाठवावा, एवढंच.

समुद्रमार्गे दर वजनावर नसतो, आकारावर असतो. नेहमीचा जम्बो खोका २४ × १८ × २४ इंच, म्हणजे बरोबर ६ घनफूट. म्हणून जड वस्तू यातून आणि हलक्या पण किमती वस्तू सुट्टीच्या सामानातून न्याव्यात. दुहेरी थराचं पुठ्ठं घ्यावं, तळाच्या जोडावर आणि दोन्ही कडांवर चिकटपट्टी, आतून मोठी प्लास्टिक पिशवी. तळाशी डबे: कॉर्न्ड बीफ, टूना, दूध पावडर. त्यांच्या फटींत मोजे, टी-शर्ट. शाम्पू-लोशनचं झाकण उघडून तोंडावर पातळ प्लास्टिक ताणायचं, झाकण परत घट्ट लावायचं, वर चिकटपट्टी, मग बंद पिशवी. साबण आणि कपडे धुण्याची पावडर यांना चॉकलेट, कॉफी, तांदूळ यांच्याजवळ ठेवू नये. कंटेनर बंदरावर उन्हात तापतो आणि महिनाभरात सगळ्याला साबणाचा वास लागतो. नंतर चॉकलेट कितीही महागाचं असो, तोंडात फेस आल्यासारखं लागतं. चॉकलेट मधोमध, टॉवेलात गुंडाळून. बुटांच्या आतही काहीतरी भरावं. रिकामी जागा हा खोक्याचा शत्रू: वर दुसरे चार खोके रचले जातात आणि पोकळ असलेला दबतो, फाटतो. शेवटच्या फटी नूडल्सच्या पाकिटांनी भरतात, ते उगीच नाही.

रोख पैसे आणि दागिने आत घालू नयेत. काडतुसं, ताजं मांस चालत नाही. डुकराच्या मांसाच्या डब्यांवर २०१९ नंतर स्वाइन फिव्हरमुळे देशागणिक निर्बंध येत-जात राहिले, तेव्हा पाठवण्याआधी विचारावं.

जकातीचं गणित २०१६ च्या सीमाशुल्क कायद्याने बदललं. त्याआधी, २०१५ च्या ऑगस्टमध्ये, अधिकाऱ्यांनी खोके उघडून तपासायचं ठरवलं तेव्हा जगभरच्या फिलिपिनो कामगारांनी एवढा आरडाओरडा केला की राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो आकिनो तिसरे यांनी सरसकट उघडणं थांबवून एक्स-रे आणि श्वानपथकाने तपासा असं सांगितलं. आताचा नियम: पात्र फिलिपिनो वर्षातून तीनदापर्यंत, सगळं मिळून दीड लाख पेसो मूल्याच्या वस्तू करमुक्त पाठवू शकतो, पण त्या घरच्या वापरासाठी हव्यात, विक्रीसाठी नकोत. सोबत वस्तूंची यादी, पासपोर्टच्या फोटोच्या पानाची प्रत, नव्या वस्तूंच्या पावत्या. यादीत 'इतर सामान' असं लिहिलं की शंका घेतली जाते. एकाच प्रकारच्या वस्तू डझनाच्या आत ठेवणं शहाणपणाचं, नाहीतर व्यापारी माल समजून अडवतात. सहकारी मराठी असला तर त्याच्या नावाने खोका पाठवून सवलत मिळत नाही. ती फिलिपिनो नागरिकाची आहे.

सगळ्यात मोठी फसवणूक मात्र जकातीत होत नाही. खोका गोळा करणारी परदेशातली कंपनी एक, मनिला बंदरात कंटेनर सोडवून घरोघर पोचवणारी दुसरी. पहिली स्वस्तातली ऑफर लावून पैसे घेते आणि दुसरीला तिचा वाटा देत नाही. मग कंटेनर बंदरात बेवारस पडून राहतो. हजारो खोके असे अडकल्याची प्रकरणं अलीकडच्या वर्षांत झाली आणि शेवटी सीमाशुल्क खात्याला ते सोडवायला पुढे यावं लागलं. म्हणून विचारायचा प्रश्न दराचा नाहीच: मनिलातला तुमचा भागीदार कोण, आणि तिथल्या व्यापार खात्याकडे त्याची नोंद आहे का? उत्तरात नाव आलं नाही तर खोका खोलीवरच बरा. दर बाजारापेक्षा निम्मा असेल तर विचारायचीही गरज नाही. आखातातून मनिलाला पोचायला महिना ते दीड महिना, विसाया आणि मिंदानाओ बेटांवर आणखी. नाताळचा खोका सप्टेंबरात निघालेला बरा, ऑक्टोबरच्या मध्यानंतर बंदर तुंबतं. तिथे नाताळचा मोसम सप्टेंबरातच लागतो. महिन्याच्या नावाच्या शेवटी 'बर' आलं की गाणी सुरू.

फोनबद्दल थोडक्यात. मनिला दुबईच्या चार तास पुढे. इथे रात्री आठला जेवण झालं की तिथे मध्यरात्र. म्हणजे मुलांशी बोलायची वेळ दुबईच्या दुपारच्या सुट्टीत किंवा पहाटे. रात्री उशिरापर्यंत चालतात ते कॉल नवरा-बायकोचे. यूएईमध्ये व्हॉट्सॲप, मेसेंजरवरचे कॉल चालत नाहीत, बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप लागतात. घरी तेच ॲप आधी बसवून द्यावं. जहाजांवर अजून अडचण असते, पण सागरी कामगार करारातली डिसेंबर २०२४ पासूनची सुधारणा खलाशांना शक्य तितकी इंटरनेट सोय द्यावी असं सांगते.

मुलं बहुतेक आजीकडे, 'लोला'कडे. कॉल लांब असून उपयोग नसतो, ठरलेला असावा लागतो. रोज दहा मिनिटं गृहपाठाची वही कॅमेऱ्यासमोर धरून बसणारी आई मुलाला जवळची वाटते; आठवड्यातून एकदा दोन तास रडत बोलणारी नाही. शिक्षा फोनवरून देऊ नये. तिथे लोलाच्या शब्दाला उघड पाठिंबा द्यावा आणि मतभेद नंतर, मुलं झोपल्यावर बोलावेत. शाळेच्या शिक्षकांच्या गटात स्वतःचा नंबर घालून घ्यावा, म्हणजे फीची तारीख आणि गैरहजेरी दोन्ही थेट कळतात. पैशाचा हिशोब आणि अभ्यासाची चौकशी एकाच कॉलमध्ये कधी करू नये. मुलाच्या मनात ती दोन्ही चिकटतात, आणि मग गुण कमी पडले की आपण आईचे पैसे बुडवले असं त्याला वाटतं.

आता जमीन, आणि इथे मात्र मी कडक बोलतो. कष्टाच्या पैशाने घर बांधायचं ठरलं की दहापैकी बरेच जण ते आईवडिलांच्या जागेवर बांधतात. जागा फुकट, आईबाप डोळ्यासमोर. पण आईवडील गेल्यावर जागा सगळ्या भावंडांची होते आणि घर त्या जागेवर उभं असतं. आपल्याकडे गावच्या घरावरून जे होतं, तेच. बांधण्याआधी तेवढ्या तुकड्याची मोजणी करून विक्री किंवा दानपत्र नोंदवावं. तोंडी 'ती जागा तुझीच' याला अर्थ नाही. भावाच्या नावे जागा घेणं त्याहून वाईट.

घरच्याला व्यवहाराचे अधिकार द्यायला विशेष मुखत्यारपत्र लागतं. फिलिपिन्स मे २०१९ पासून अपोस्टिल करारात आहे (अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या सगळ्या देशांत चालणारा सरकारी शिक्का), त्यामुळे त्या करारातल्या देशांत स्थानिक नोटरी आणि अपोस्टिल पुरतं. यूएईमध्ये मात्र फिलिपिनो वकिलातीत स्वतः हजर राहून सही करण्याचा मार्गच वापरतात. त्यात जमिनीच्या दाखल्याचा क्रमांक आणि नेमका अधिकार लिहावा: बांधकाम परवाना काढणे, कर भरणे, हप्ते भरणे. 'विकणे, गहाण ठेवणे' हे शब्द छापील नमुन्यात आयते असतात. नको असतील तर खोडून टाकावेत. नोंदणी कार्यालयाला मूळ कागद लागतो, स्कॅन चालत नाही. विवाहितांसाठी दिलासा असा की १९८८ पासून लागू असलेल्या कुटुंब संहितेनुसार दोघांची सामाईक मालमत्ता एकट्याला विकता येत नाही, दुसऱ्याच्या संमतीविना झालेली विक्री टिकत नाही. घटस्फोट मात्र मुस्लिमांखेरीज इतरांना तिथे नाही. परदेशात नवा संसार थाटलेल्या माणसाचं जुनं लग्न कागदावर जिवंत राहतं आणि मालमत्तेच्या वेळी उभं राहतं.

सुट्टी दोन वर्षांनी येते आणि दोन वर्षांची बचत महिन्यात खाऊन जाते. 'पासालुबोंग' म्हणजे प्रवासाहून आणलेली भेट; ती न आणणं म्हणजे न येणं. जत्रा, बारसं, शेजाऱ्यांचं जेवण, चर्चची देणगी. परतीचं तिकीट आणि पहिल्या महिन्याचा खोलीचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवलेला नसेल तर माणूस पुन्हा '५-६' वाल्याच्या दारात जातो.

आणि आणीबाणी. घरी मृत्यू झाला की 'लामाय', म्हणजे मृतदेहाशेजारची जागरणं, आठवडाभर किंवा जास्तही चालते. परदेशातला मुलगा पोचावा म्हणून दफन पुढे ढकलतात. त्यामुळे दुसऱ्याच दिवशीचं सर्वांत महाग तिकीट काढायची घाई नसते, एक-दोन दिवस थांबून रजा लेखी घेता येते. सहकाऱ्याला अशी बातमी आली तर सोबतच्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात: पासपोर्ट त्याच्याच हातात आहे का, कामगार कल्याण संस्थेचं, ओव्वाचं, सभासदत्व चालू आहे का (दोन वर्षांना २५ डॉलर, त्यावरच तिच्या बऱ्याचशा मदती अवलंबून असतात), आणि परत येण्यासाठीचं परदेश-रोजगार प्रमाणपत्र. तोच मालक आणि तेच ठिकाण असेल तर त्याची सूट ऑनलाइन मिळते. मालक किंवा कामाचा देश बदललेला असेल तर स्थलांतरित कामगार खात्याच्या कार्यालयात वेळ घेऊन प्रमाणपत्र काढावं लागतं, ते ६० दिवस चालतं. दुःखात निघालेला माणूस नेमकं हेच विसरतो, आणि दफन आटोपून विमानतळावर आला की इमिग्रेशनच्या खिडकीवरून त्याला परत पाठवतात.